चरबी नेणारा

तळ्याकाठच्या त्या गावात हातात टकळी नसलेली बाई एकच होती, नेमेसिया. बाकीच्या बायका मेंढरांमागे जाताना, बाजाराला निघताना, अगदी दारात उभ्या राहून भांडतानासुद्धा लोकर कातत असत. बोटांनी पीळ द्यायचा, टकळी गरगरत खाली जायची आणि धागा वर राहायचा. नेमेसियाचे हात मात्र शालीखाली गुंडाळलेले असत.

"आत्याआजी, हात काय भाड्यानं दिलेत कुणाला?" तरुण सुना विचारायच्या.

"दिलेत. भाडं मात्र कुणी देत नाही बघ," असं म्हणून ती पुढे जायची.

टकळीचा तो बारीक घूं आवाज कानावर आला की तिच्या अंगावर सरसरून काटा यायचा. पन्नास वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न केलं नाही, दुसऱ्या गावी गेली नाही. थोरल्या भावाच्या, गुमेर्सिंदोच्या अंगणाला लागून असलेल्या मातीच्या दोन खोल्यांत ती राहायची. त्यातली मागची खोली बटाट्यांची होती. गोठवून, तुडवून, वाळवून काळे केलेले बटाटे तिथं पोत्यांत भरून ठेवलेले असत. त्या खोलीत ती दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये गुमेर्सिंदोच्या नातीची मुलगी नोएमी खंगायला लागली. खरं म्हणजे पोर जन्मापासूनच किरकोळ होती, पण आता पाच वर्षांची होऊनही तिचे पाय तळ्यातल्या लव्हाळ्यासारखे झाले होते. पोट पुढे आलेलं. चालताना झोकांड्या जायच्या, जसं काही कुणी पाजून सोडलंय. आणि शौचाला जायची ती तेलकट, पाण्यावर तरंगणारी. तिची आई रोक्साना लाजेनं ते सांगायचीही नाही.

सगळ्यांना कारण माहीत होतं, आणि पोरीसमोर ते नाव कुणी घेत नव्हतं. लिकिचिरी, म्हणजे चरबी नेणारा. एकटा वाटसरू गाठून त्याला गुंगी आणतो, कमरेजवळून चरबी काढून घेतो, जखम दिसत नाही. माणूस घरी येतो, जेवतो, खातो, आणि दिवसादिवसाला वाळत जातो. आजोबांच्या काळात तो पाद्र्याच्या वेषात यायचा म्हणे. पुढे कोटात यायला लागला.

"एकटी सोडली असशील पोरीला कुठेतरी," गुमेर्सिंदो नातीला म्हणाला.

"नाही हो आजोबा. पाठीवरच असते ना माझ्या!"

"मग पाठीमागून आला असेल. तुला कळतंय होय!"

उपाय त्यालाच ठाऊक होता. गेलेली चरबी चरबीनंच भरून काढायची. रोज सकाळी तो लामा ह्या लोकरी जनावराच्या छातीची पांढरी चरबी कढवायचा, रश्शात घालायचा आणि पणतीला मांडीवर घेऊन स्वतः पाजायचा. जितकं पाजावं तितकं तिचं पोट बिघडत होतं.

नेमेसिया हे भिंतीपलीकडून ऐकत होती. पोरीचं रडणं, भावाचं "पी गं माझी बाय, पी", आणि मग भांड्याचा आवाज. तिनं कानात बोटं घातली नाहीत. शालीखाली हात घट्ट धरून बसली.

एका संध्याकाळी नोएमी अंगणात उभी होती. सूर्य नुकताच टेकला होता. पलीकडच्या बर्फाच्या शिखरांवर अजून गुलाबी ऊन होतं, अंगणातला खडा न् खडा दिसत होता. पोर मध्येच थांबली. दोन्ही हात पुढे केले आणि आंधळ्या माणसासारखे हवेत फिरवले.

"आजी, अंधार झाला का?"

नेमेसियाच्या हातातलं भांडं खाली पडलं. पोरीच्या तोंडून तो प्रश्न आला होता, पण आवाज तिच्या ओळखीचा होता. धाकट्या भावाचा, हिलारियोनचा. पन्नास वर्षं रोज ह्याच वेळेला, उजेड असताना, मागच्या खोलीतून तो आवाज तिला विचारायचा, "नेमे, अंधार झाला का?" आणि आज तो अंगणात आला होता.

हिलारियोन सहा वर्षांचा आणि ती एकोणीसची असताना गावात डॉक्टर तेरासास आले होते. उंच माणूस, कानांवर ओढलेली लोकरी टोपी, ओठ थंडीनं फुटलेले. इतक्या उंचावर राहणाऱ्यांच्या रक्तात चरबी किती असते हे ते मोजत होते. नेमेसिया राजधानीत चार वर्षं घरकामाला राहून स्पॅनिश शिकून आलेली, म्हणून तिला त्यांनी दुभाषी नेमलं. सहा आठवडे ती त्यांची लाकडी पेटी उचलून घरोघर हिंडली. आयुष्यात एवढी आनंदात ती पुन्हा कधीच नव्हती. मागं वळून पाहताना तिला ते सहा आठवडे म्हणजे सहा वर्षं वाटायची. प्रत्येक दिवस वेगळा आठवायचा.

डॉक्टर चालता चालता तिला शिकवायचे. एकदा तळ्याच्या ओल्या गाळात त्यांनी काडीनं एक गोल काढला आणि त्याला खाली दोन लांब पाय.

"हे काय आहे, सांग."

"तुम्ही," ती म्हणाली. "टोपी घालून."

ते खोखो हसले. "बरं, मीच. ह्याचं डोकं पाण्याचं वेडं आहे आणि पायांना पाणी सोसत नाही. असे लाखो जण पाण्यात सोडले तर काय करतील?"

"पाय पोटाशी घेऊन बसतील."

"बरोबर! समोरासमोर दोन रांगा करून बसतील. डोकी बाहेर पाण्याकडे, पाय आत कोरड्यात. तुझ्या अंगातला प्रत्येक कण अशाच भिंतीनं घेरलेला आहे, नेमेसिया. भिंत चरबीची आहे. ती नसती तर तू ह्या तळ्यात साखरेसारखी विरघळून गेली असतीस."

मग ते सांगायचे की मेंदूतून पायापर्यंत जाणाऱ्या तारांवर चरबीचंच वेष्टण असतं. डोळ्याला संध्याकाळी दिसायला जे लागतं ते चरबीबरोबरच अंगात येतं. गावात तर चरबी म्हणजे जीवच. ऑगस्टात धरित्रीला नैवेद्य दाखवायचा तो तिचाच. नेमेसियाला वाटायचं, हा माणूस आपल्या आजीचंच बोलणं शहरी भाषेत बोलतोय.

"पण रक्त म्हणजे पाणीच," एकदा ते म्हणाले. "मग खाल्लेली चरबी त्यातून जाते कशी?"

"रांगत?"

"नाही गं. तिला वाहून नेणारा असतो."

पेटीत एक लोखंडी यंत्र होतं. ते टेबलाला स्क्रूनं आवळायचं, रक्ताच्या नळ्या त्यात घालायच्या आणि हँडल फिरवायचं. घूं करून नळ्या फिरायच्या, तांबडं खाली बसायचं आणि वर पिवळं पाणी राहायचं. हँडल फिरवायचं काम तिचं होतं. लोक दारातून पाहत, आणि त्या आवाजाबरोबर एकेक पाऊल मागे सरकत.

हिलारियोन तेव्हा असाच वाळत चालला होता, नोएमीसारखा. डॉक्टरांनी त्याचं रक्त घेतलं आणि तुलनेला नेमेसियाचं. सकाळी दोघांनीही एकाच भांड्यातला चरबीचा रस्सा खाल्ला होता. नळ्या फिरल्या. तिच्या नळीतलं पाणी दुधासारखं गढूळ होतं. भावाच्या नळीतलं तळ्यासारखं नितळ.

"चरबीच नाही," डॉक्टर उभे राहिले. "मी फक्त वाचलं होतं ह्याबद्दल. सांग त्यांना, नेमेसिया. ह्याच्या रक्तात चरबी नाही."

घर माणसांनी भरलं होतं. तिनं गावच्या भाषेत, आयमारात सांगितलं, "ह्याच्या रक्तात चरबी नाही."

कोपऱ्यातून आजी म्हणाली, "मग नेली कोणी?"

तिनं प्रश्न डॉक्टरांना सांगितला. ते घाईघाईनं म्हणाले की दोष वाहकात आहे, चरबीचा वाहक. आणि पुढेही बरंच म्हणाले. पण नेमेसिया पहिल्याच शब्दाला अडली होती. वाहकाला आपल्यात काय म्हणायचं? वाहून नेणारा. लोकांचे डोळे तिच्यावर होते. तिनं जवळ होता तो शब्द उचलला.

"चरबी नेणारा," ती म्हणाली. "सगळं त्याच्यामुळे झालंय."

आणि हे म्हणताना तिचा हात डॉक्टरांकडे होता. त्यांचं बोलणं आपण सांगतोय हे दाखवायला तिनं तो केला होता. दर वेळी करायची.

पुढचं सगळं एका दमात झालं. कुणीतरी किंचाळलं. डॉक्टर दारातून बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटत होतं की आपल्याला काही नीट सांगता आलं नाही. ते हात वर करून स्पॅनिशमध्ये "ऐका, ऐका" म्हणत होते. रस्त्याच्या वळणावर एक दगड त्यांच्या कानामागे बसला. टोपी पडली. कुणाच्यातरी मालवाहू ट्रकला लोंबकळून ते गेले.

गोंधळात पेटी नेमेसियानं उचलली आणि बटाट्यांच्या पोत्यांमागे टाकली. यंत्र लिकिचिरीनं परत नेलं, असं लोक म्हणाले.

तीन आठवड्यांनी ट्रकवाल्यानं गुपचूप तिला एक पुडकं दिलं. आत एक तपकिरी बाटली आणि पत्र. पोराला चरबी अजिबात देऊ नकोस, ती त्याच्या आतड्यातच अडकते. हे थेंब रोज दे. संपले की कळव, मी पाठवीन. डोक्याला जखम झाली आहे, पण चूक तुझी नाही. शब्द मला आधी शिकून घ्यायला हवा होता.

पण तोवर पाणवठ्यावर तिला "लिकिचिरीची पोर" म्हणायला लागले होते. ती आली की बायका आपली मुलं जवळ ओढायच्या. त्याची बाटली घरात दिसली असती तर तिलाही दगड बसले असते. शिवाय, हे तिनं स्वतःलाही फार उशिरा कबूल केलं, अर्ध्या मनानं तिलाही वाटत होतं की लोकांचंच खरं असेल. तिनंच तर हँडल फिरवलं होतं. कुणास ठाऊक, त्या आवाजाबरोबर भावाच्या अंगातून काय निघून गेलं.

पत्र आणि बाटली तिनं पेटीत ठेवली. हिलारियोन चौदा महिने जगला. त्याला चरबीचा रस्सा पाजत होते. शेवटी त्याला उभं राहता येईना. संध्याकाळी उजेड असतानाच तो विचारायचा, "नेमे, अंधार झाला का?" आणि ती म्हणायची, "हो रे राजा, झाला. झोप." त्याला वाईट वाटू नये म्हणून.

नोएमीनं हवेत हात फिरवले त्याच्या दुसऱ्या दिवशी रोक्साना आली. दवाखान्यातल्या नर्सनं शहरातून एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. गुरुवारी त्या गाडी घेऊन येणार होत्या. पोरीचं रक्त हवं होतं.

"आजोबा नको म्हणतायत. म्हणतात, उरलीसुरलीपण नेतील." तिनं नाक पुसलं. "मला स्पॅनिश येतं, आत्याआजी. मी दवाखान्यात जाऊन गुपचूप रक्त देऊनपण येईन. पण उद्या पोरीला काही झालं तर ह्या घरात मला कुणी उभं करणार नाही. त्यांच्यासमोर, आपल्या भाषेत ठरायला हवं. तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल तसं मी करीन."

"मी काय बोलणार बाई? माझं बोलणं ऐकलंय ह्या गावानं एकदा."

"म्हणजे?"

नेमेसियानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. रोक्साना थोडा वेळ थांबली आणि पोरीला पाठीवर बांधून निघून गेली. जाताना तिची टकळी फिरत होती. घूं. नेमेसिया मागच्या खोलीच्या दाराकडे बघत बसली. आतूनही तोच आवाज येत होता. एवढ्या वर्षांत तो कधी एवढ्या जवळ आला नव्हता.

गुरुवारी गुमेर्सिंदोच्या अंगणात सगळे जमले. डॉक्टर मिरेया तिशीच्याही नसतील. बूट चिखलानं भरलेले, केस विस्कटलेले. त्यांनी नोएमीचे गुडघे ठोकून पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला. मग चरबीच्या भांड्याकडे पाहिलं आणि रोक्सानाला काहीतरी विचारलं. गुमेर्सिंदो डोक्यावरची हॅट न काढता बाकावर बसून होता.

"काय म्हणते ती? आपल्या भाषेत सांगा. मला येतं स्पॅनिश, पण माझ्या घरात मी माझ्या भाषेत ऐकणार."

डॉक्टरीणबाई हळूहळू बोलत होत्या. रक्त तपासावं लागेल. त्यांना वाटतं की पोरीच्या अंगात चरबीचा वाहक तयार होत नाही. आईच्या आणि बापाच्या, दोन्ही घरांतून आलेला दोष असतो. तोच शब्द. पन्नास वर्षांनी तोच शब्द अंगणात येऊन उभा राहिला आणि रोक्सानानं तोंड उघडलं. तिच्या ओठांवर तेच येत होतं, नेमेसियाला दिसलं.

"थांब!" ती ओरडली. "तू नको सांगूस. मी सांगते."

ती उठली, मागच्या खोलीत गेली. पोती ढकलल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाकडी पेटी होती. तिनं ती भावासमोर ठेवली आणि झाकण उघडलं. लोखंडी यंत्रावर गंज चढला होता. गुमेर्सिंदो बाकावरून अर्धा उठला.

"हे... हे तर तो घेऊन गेला होता."

"त्यानं काही नेलं नाही, दादा. सगळं इथंच होतं. माझ्या बटाट्यांमागं." तिनं तळ्याकडे हात केला. "आता ऐक. आपलं रक्त म्हणजे हे तळं समज. चरबी म्हणजे माल. माल पाण्यात टाकलास तर पलीकडे जाईल का? भिजणार नाही, मिसळणार नाही, काठालाच राहील. त्याला होडी लागते. बाहेरून पाण्याशी जमवून घेणारी, आतून कोरडी. तुझ्यामाझ्या अंगात त्या होड्या आपोआप बांधल्या जातात. ह्या पोरीच्या अंगात होडी बांधणाराच नाही. तू रोज काठावर माल आणून ओततोस, आणि तो तिथंच सडतो."

गुमेर्सिंदोनं हॅट काढली, पुन्हा घातली.

"मग नेली कोणी?" त्यानं विचारलं. अगदी आजीसारखं.

"कुणी नेली नाही. ती पोचलीच नाही." ती थांबली. "हिलारियोनचीपण नव्हती पोचली. डॉक्टर हेच सांगत होते. होडी नाही म्हणत होते, आणि मी नेणारा म्हटलं. समोर तळं होतं, काठाला शंभर होड्या होत्या, आणि माझ्या तोंडात हा एकच शब्द आला. मग त्यांनी औषध पाठवलं तेही मी दिलं नाही. मला तुमची भीती वाटली."

तिनं पत्र काढून डॉक्टर मिरेयांच्या हातात दिलं. कागद घड्यांवर फाटला होता. त्यांनी तो दोनदा वाचला. तपकिरी बाटलीतलं वाळून काळं झालं होतं. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"आम्हीही हेच देतो, आजी," त्या हलकेच म्हणाल्या. "आता जास्त चांगलं मिळतं. पण हेच."

"दगड मी मारला होता, नेमे," गुमेर्सिंदो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"त्याला रस्सा मीच पाजायचो. तोंड मिटायचा तो. मी नाक दाबून पाजायचो." त्यानं चुलीजवळच्या भांड्याकडे पाहिलं. "तू भिंतीपलीकडे असायचीस. तुला ऐकू येत होतं."

"येत होतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते पुढे मरेपर्यंत त्या दोघांमध्ये राहिलं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मग तो उठला, चुलीजवळ गेला, चरबीचं भांडं उचललं. "हे धरित्रीला घाला," तो तिथं उभ्या असलेल्या सुनेला म्हणाला. "ऑगस्टच आहे. तिला पचतं." आणि नातीकडे न बघता, "काय बघत बसलीस गं? पोरीचा हात धर नीट. हलली तर दोनदा टोचावं लागेल."

गाडीतलं यंत्र विजेवर चालणारं होतं. ते सुरू झालं तेव्हा अंगणातल्या बायका एकेक पाऊल मागे सरकल्या. नेमेसिया सरकली नाही. पक्का निकाल शहरातून यायचा होता, पण नळी बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती आधी तिलाच दाखवली. पाणी तळ्यासारखं नितळ होतं. थेंबांची बाटली त्यांनी रोक्सानाला दिली. डोळे महिन्याभरात सुधारतील म्हणाल्या, पायांचं हळूहळू, आणि औषध जन्मभर.

गाडी वळणापलीकडे गेली. माणसं पांगली. नोएमी दंडावरचा कापूस दाबत नेमेसियाच्या शेजारी दगडावर येऊन बसली. शिखरांवर गुलाबी ऊन होतं.

"आजी, अंधार झाला का?"

नेमेसियाच्या तोंडात सवयीनं "हो" आलं होतं. तिनं ते गिळलं.

"नाही. अजून उजेड आहे. तुलाच दिसत नाहीये. दिसेल."

पोरीनं थोडा विचार केला. "तुला काय दिसतंय?"

"तुझा पणजोबा. पेटीतलं यंत्र पुसतोय फडक्यानं. त्याला येत नाही ते, उगाच."

पोर हसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. नेमेसिया थांबून राहिली. आपण कुणाची वाट बघतोय हे तिला ठाऊक होतं. आणि रोजच्यासारखाच, मागच्या खोलीतून, पोत्यांमागून, तो आलाच. बारीक, धीर धरून बसलेला.

नेमे, अंधार झाला का?

"नाही रे राजा," ती म्हणाली. "तेव्हाही झाला नव्हता."